तिसरा घास

रोहिदास मास्तरांची चाल कुठं संपते, हे रहाटणीपासून चाकणपर्यंत कुठल्याही बँडवाल्याला विचारा. तो सांगेल, दुसऱ्या कडव्यानंतर. क्लॅरोनेटचा सूर चढत चढत पिंपळाच्या शेंड्यावर जातो, तिथं एक हेलकावा घेतो, आणि मग वाजवणारा आडवा होतो. संपली चाल.

नवे वादक ती चाल उचलताना हेलकावासुद्धा उचलायचे. काळेवाडीचा एक जण होता, जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेला. तोही त्या जागेवर आला की गुडघ्यात वाकायचा आणि मागच्या ढोलवाल्याच्या अंगावर रेलायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, "मास्तरांच्या चालीत हे असंच आहे."

चालीला तिसरं कडवंही होतं. ते क्लॅरोनेटवर ऐकलेली माणसं जगात दोनच, रोहिदासची आई कौशल्याबाई आणि बायको जयमाला. त्यातली आई आता नव्हती.

चाल मुळात आईचीच. बीडकडून पिंपरीला आलेली ही बाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये दिवसाला आठशे पोळ्या लाटायची. हात लाटण्यावर, जीव गाण्यावर.

पहिला माझा घास, चिवचिवत्या चिमणीला
दुसरा माझा घास, दारी आल्या पाव्हण्याला
तिसरा ठेवला झाकून, उशिरा येत्या धन्याला

कँटीनच्या पिठाच्या पोत्यावर बसून रोहिदासनं ते ऐकलं, आणि मिसरूड फुटायच्या आत क्लॅरोनेटवर आणलं. सतराव्या वर्षी काळेवाडी फाट्यावर दोन वराती समोरासमोर आल्या. दोन्ही बँड अडून बसले. रोहिदासनं डोळे मिटून आईची चिमणी उडवली. समोरच्या वरातीचा नवरदेव घोड्यावरून उतरला आणि या वरातीत येऊन नाचायला लागला. त्याला परत न्यायला त्याचा मामा तीनदा आला. तिसऱ्या खेपेला मामाही नाचून गेला. त्या दिवसापासून मिसरुडाच्या रोहिदासला पिकल्या मिशांची माणसं मास्तर म्हणायला लागली.

मास्तर झाला की मान आला, आणि मानाबरोबर पेला आला. हळदीला वाजवलं की घरधनी स्वतः पेला भरून आणायचा. तो परत करणं म्हणजे भरल्या मांडवात घरधन्याची पगडी उतरवणं. रोहिदासनं पहिला पेला मानासाठी घेतला, दुसरा मान राखण्यासाठी, आणि तिसऱ्यापासून कारण लागेनासं झालं. पुढं पुढं घरधनी विसरला तरी मास्तर स्वतः जाऊन आपला मान शोधून आणायचे.

ताथवड्याची गोष्ट अजून सांगतात. तिथं एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन मंगल कार्यालयं. रोहिदासनं डोळे मिटून वाजवत वाजवत वरात डावीकडच्या ऐवजी उजवीकडं नेली. तिथल्या बायकांनी नवरदेवाला ओवाळलं, आत नेऊन पाटावर बसवलं. नवरीचा भाऊ कान पिळायला पुढं आला तेव्हा नवरदेव हळूच म्हणाला, "हा माझा मेव्हणा नाही." लोक हसले. रोहिदासही हसला. हसण्यावारी गेलं की पुढचा पेला सोपा जातो.

घरी मात्र कुणी हसायचं नाही. रहाटणीच्या दोन खोल्यांत जयमाला रोज ताट वाढून वर दुसरं ताट झाकण घालायची. सकाळी ते तसंच्या तसं गल्लीतल्या कुत्रीपुढं जायचं. अकरा वर्षांत ती कुत्री गुबगुबीत झाली, आणि जयमाला वाळत गेली.

मग कौशल्याबाई गेली. तिच्या वर्षश्राद्धाला रोहिदास म्हणाला, आज आईसाठी तिन्ही घास वाजवतो. सगळे नातेवाईक बसले. पहिला झाला, दुसरा झाला, सूर शेंड्यावर गेला, हेलकावला, आणि रोहिदास आईच्या फोटोसमोर आडवा झाला. सकाळपासून घेतलेलीच होती. कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली.

त्या दिवशी जयमाला रडली नाही. तिनं त्याच्या हातातली क्लॅरोनेट काढून घेतली, फिरवून तिचा माउथपीस सुटा केला आणि उरलेले चार तुकडे पेटीत नीट ठेवून पेटी त्याच्या उशाशी ठेवली. माउथपीसला ती चोच म्हणायची. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आल्यावर तिनं सांगितलं, "चोच माझ्यापाशी राहील. एक वर्ष कोरडं राहा, मग मागा. बाकीचं वाजवायचं तर वाजवा."

"चोचीशिवाय कसं वाजंल?"

"तेच म्हणते मी."

चोच गेली कांदा-लसूण मसाल्याच्या डब्यात. रोहिदास गेला दवाखान्यात. एकवीस दिवस तिथं हातापायांनी वेगळाच ताल धरला, त्याबद्दल तो कधी बोलत नाही. परत आल्यावर संत तुकाराम नगरात एका शाळेच्या खोलीत दर रविवारी दारू सोडलेल्यांची बैठक भरते, तिथं जाऊ लागला. माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची. तिथं भिमाजी अण्णा भेटले. कारखान्याच्या प्रेसशॉपमधून निवृत्त, चौदा वर्षं कोरडे, बोलणं लोखंडासारखं.

"जन्मभराचं मला सांगू नको," अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले. "दुपारच्या चहापर्यंत पिऊ नको. चहा पाजायला मी येतो."

आणि ते येत राहिले. कोरा चहा, आलं ठेचून, बिनसाखरेचा, कारण अण्णांना डायबेटिस. रोहिदासला साखर लागायची, पण फुकटच्या चहाला नावं कशी ठेवणार. अण्णांच्याच ओळखीनं चाकणला कामही मिळालं. गाड्यांचे पाइप बनवणाऱ्या एका शॉपमध्ये पाइपात हवा भरून गळती शोधायची. मशीनचा लाल दिवा लागायच्या आत रोहिदास म्हणायचा, "हा गळतोय, कोमल निषादात." सुपरवायझरनं रिपोर्टात कोमल निषाद लिहायला नकार दिला, पण त्याचं काम कधी चुकलं नाही. येता-जाता कंपनीच्या बसमध्ये तो डोळे मिटून चार तुकड्यांच्या क्लॅरोनेटवर बोटं फिरवायचा. आवाज काहीच नाही. शेजारच्या सीटवर कुणी बसायचं नाही.

वर्ष भरलं. जयमालानं डबा उघडला, चोच पदराला पुसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"एवढं ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "पुन्हा एक घोट जरी गेला, तर ही पवनेच्या पात्रात जाईल. आणि मी बीडला माहेरी जाईन. परत आणायला येऊ नका."

ती कधी दुसऱ्यांदा सांगायची नाही, हे रोहिदासला माहीत होतं. त्यानं चोच ओठाला लावली. जीभ पोळली. मसाला अजून आत होता.

पहिलं बोलावणंही लगोलग आलं. बँडमालक गणराज सांगत आला की चाकणच्या पलीकडं शेलारदऱ्याच्या यात्रेत, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर वाजवायचं आहे. यात्रा कमिटीचे मालोजीराव यांनी नाव घेऊन रोहिदास मास्तर मागितले होते. फक्त एक अडचण होती.

"काय अडचण?"

गणराजनं चप्पल काढली, परत घातली. "भावा, त्यांना प्यायलेला पाहिजे."

भानगड अशी होती. शर्यतींवर बंदी आली त्याच्या आधीच्या शेवटच्या यात्रेत रोहिदास तर्र होऊन वाजवत होता, आणि त्याच दिवशी मालोजीरावांची बैलं घाटात पहिली आली. मग बंदी आली. बंदी उठली, बैलं बदलली, घाटाला सिमेंटची भिंत झाली, मालोजीरावांची निम्मी जमीन कंपनीत गेली, पण त्यानंतर पहिला नंबर काही आला नाही. मालोजीरावांनी बैलांचा खुराक बदलला, जू बदललं, गाडीवान बदलला. अखेर त्यांच्या ध्यानात आलं की राहिलं ते एकच. गणराजला ते म्हणाले होते, "मास्तर सुधारला म्हंत्यात. बरं झालं, बायकापोरांचं भलं व्हईल. पर कोरडा वाजवणार असंल तर आमाला नगं. बैलांना फरक कळतो."

"मग मी येत नाही," रोहिदास म्हणाला.

"अरे राव, नाटक कर की. बाटलीत कोरा चहा. रंग तोच."

रोहिदास भिमाजी अण्णांकडं गेला. "अण्णा, प्यायल्याचं सोंग केलं तर ते पिणं होतं का?"

अण्णांनी बराच वेळ बशीतला चहा फुंकला. "पिणं नाही होत. पण बाटलीची ओळख घशाआधी हाताला असते. तुझ्या हातावर माझा भरवसा नाही. बाटली मी आणतो, चहा मी भरतो, पिशवी माझ्या खांद्याला राहील." बशी खाली ठेवून म्हणाले, "जयमालाला सांग."

"सांगतो," रोहिदास म्हणाला. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि तिचं नको हे नकोच असतं.

तालमीत खरी पंचाईत झाली. रोहिदासला प्यायल्यावर आपण कसे चालत होतो ते ठाऊकच नव्हतं. जगातल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं, एक तो सोडून. ढोलवाला म्हणाला, मास्तर डावीकडं कलायचे. झांजवाला म्हणाला, छे, आधी मागं, मग डावीकडं. दोघं त्याच्यासमोर झुलत झुलत वाद घालू लागले. शेवटी गणराजनं मोबाइलवर जुना व्हिडिओ काढला. कुणाच्या तरी साखरपुड्याचा. रोहिदास कलत होता, शर्टाची गुंडी पोटावर उघडी, आणि मागं लोक पोट धरून हसत होते. कोपऱ्यात जयमाला उभी होती. ती त्याची चप्पल हातात घेऊन उभी होती.

रोहिदासनं व्हिडिओ दोनदा पाहिला. मग म्हणाला, "कळलं. आधी मागं, मग डावीकडं."

यात्रेच्या दिवशी भिमाजी अण्णा तीनदा धुतलेली क्वार्टरची बाटली पिशवीत घेऊन पीएमटीच्या बसमध्ये बसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याजवळ बाटली होती. वाटेत पिशवीत बाटली खळखळली की खोकायचे.

घाट भरला होता. चढाच्या लांब धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी टोप्याच टोप्या, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या. वरच्या टोकाला बँडचा मांडव, स्पीकरवर निवेदक, आणि मांडवामागं एक बाज टाकलेली. बाजेशी दोन दणकट गडी उभे होते.

"ही कशाला?" रोहिदासनं विचारलं.

"तुमच्यासाठीच की," मालोजीराव आपुलकीनं म्हणाले. पांढरे कपडे, पांढरी गाडी, कपाळाला भंडारा. "मागच्या टायमाला मातीत पडला व्हता. आता सोय केल्याली हाय. जेवन झालं का? आन त्ये?"

अण्णांनी मान खाली घालून बाटली पुढं केली. रोहिदासनं ती तोंडाला लावली आणि घटाघटा अर्धी केली. बिनसाखरेच्या गार चहानं तोंड असं वाकडं झालं की मालोजीरावांची खात्री पटली. रोहिदास आधी मागं झाला, मग डावीकडं.

"आता बगा," मालोजीराव शेजाऱ्याला म्हणाले.

गाडे पळू लागले. रोहिदासनं वाजवायला सुरुवात केली. पहिला घास, चिमणीचा. वर्षभर कोंडलेला श्वास होता, तो असा सुटला की झाडावरची खरी पाखरं उडाली. म्हातारे मांडीवर ताल धरू लागले. दुसरा घास, पाव्हण्याचा. कुणीतरी टोपी उडवली. आणि कुणीतरी मोबाइल उघडला, झुलणारे मास्तर आणि शेजारी खुर्चीवर ठेवलेली बाटली एका चौकटीत बसवली, खाली लिहिलं, "मास्तर इज बॅक, फुल टँक," आणि पाठवून दिलं.

जयमाला कामाला होती त्या चाकणच्या वायरिंगच्या कंपनीत तेव्हा पहिल्या शिफ्टची जेवणाची सुट्टी झाली होती. जयमालाच्या मैत्रिणीनं मोबाइल पुढं केला. जयमालानं व्हिडिओ पाहिला, डब्याला झाकण लावलं आणि नवऱ्याला फोन लावला. फोन अण्णांच्या पिशवीत होता, बाटलीच्या जागेशेजारी.

"वहिनी, मी भिमाजी. तो चहा आहे," अण्णा पहिल्याच वाक्याला म्हणाले.

 अकरा वर्षं जयमालानं 'चहा आहे' ऐकलं होतं. ग्लासात, स्टीलच्या तांब्यात, एकदा तर देवाच्या पंचपात्रात.

"बाटली कुणाची, अण्णा?"

"माझी," अण्णा म्हणाले, आणि चौदा वर्षांची अब्रू गेली.

"त्यांना सांगा, बीडची गाडी साडेपाचला आहे. त्याच्या आत चोच आणून द्या. वाटेत पवना लागते."

अण्णांनी फोन हातात उंच धरला आणि दुसऱ्या हातानं रोहिदासला खुणा करू लागले. आधी कानाला हात, मग कपाळाला कुंकवासारखं बोट, मग ओठाशी बोटांची चोच करून ती दूर फेकल्याची खूण. माणसांना वाटलं म्हातारा रंगात आला. रोहिदासला मात्र सगळं कळलं.

सूर तेव्हा शेंड्यावर होता. बाजेचे दोन गडी पुढं सरकले. मालोजीरावांचा गाडा घाटाच्या तळाशी उभा राहिला होता, झेंडा वर गेला होता. सगळा शेलारदरा मास्तर पडायची वाट बघत होता. क्लॅरोनेट तोंडात असताना माणसाला 'मी प्यायलो नाही' असं म्हणता येत नाही, आणि म्हटलं असतं तरी ऐकणार कोण. ते वाक्य त्यानं आयुष्यात इतक्यांदा खर्चलं होतं की त्यात काही उरलं नव्हतं.

त्यानं हेलकावा घेतला नाही. डावीकडं कललेला होता, तो सरळ उभा राहिला. सोंगासाठी उघडी ठेवलेली शर्टाची गुंडी लावायला एक बोटभर वेळ घेतला. आणि शेंड्यावरून हळूहळू, पायरी पायरीनं, तो खाली उतरू लागला.

तिसरा ठेवला झाकून.

हा सूर घाटावर कुणी ऐकला नव्हता. टाळी कुठं द्यायची कळेना. ढोलवाला सवयीनं थांबला होता, तो चाचपडत परत आला. बाजेचे गडी हात पुढं करून तसेच अवघडले.

"पडंना का ह्यो?" मालोजीराव पुटपुटले.

झेंडा पडला. गाडा सुटला. आणि फोनमध्ये कँटीनच्या ताटांच्या खणखणाटामागून जयमालाचा आवाज आला, बारीक.

"अण्णा. फोन जरा वर धरा."

अण्णांनी टाचा उंचावल्या. रोहिदासनं ते कडवं घाई न करता वाजवलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी, एका दुपारी, तिच्या एकटीसाठी वाजवलं होतं, तसंच. शेवटचा सूर इतका लांबला की गाडा घाट चढून वर आला, बैलं थांबली, धूळ बसली, तरी तो होताच. मग त्यानं क्लॅरोनेट खाली घेतली. पाय जागच्या जागी होते.

फोनवर कंपनीची जेवण संपल्याची घंटा झाली.

"वहिनी?" अण्णा म्हणाले.

"दारूवर ते इथपर्यंत कधी पोचलेच नाहीत," ती म्हणाली.  "जेवायला घरी या म्हणावं. आणि तुम्ही ती बाटली फोडून टाका. लाज वाटली पाहिजे या वयात."

निवेदकानं सगळ्या गाड्यांचे सेकंद मोजून नंबर पुकारले. मालोजीरावांची बैलं पहिली आली होती. लोकांनी मालोजीरावांना खांद्यावर घेतलं. खाली उतरल्या उतरल्या ते थेट अण्णांपाशी आले.

"माल कंचा हाय ह्यो? पुढल्या साली पेटी मागवू."

"घरचाच आहे," अण्णा म्हणाले. खोटं बोलायची सवय सुटली होती त्यांची.

मालोजीरावांनी बाटली घेतली आणि उरलेली तोंडात ओतली. मग बराच वेळ ते दूर डोंगराकडं बघत राहिले.

"ह्यात साखर न्हाई."

"मला डायबेटिस आहे."

मालोजीरावांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी रोहिदासला जवळ ओढलं. "कुणाला बोलू नगा. बैलांच्या कानावर गेलं तर पुढल्या साली पळायची न्हाईत."

रोहिदास घरी पोचला तेव्हा गल्लीत दिवे लागत होते. सत्काराचा फेटा डोक्यावर तसाच होता. जयमाला दारात उभी होती. आतल्या खुंटीवरची तिची प्रवासाची पिशवी होती तिथंच होती, ते त्यानं आधी पाहिलं.

"फू करा," ती म्हणाली.

त्यानं केलं. तिनं डोळे मिटून वास घेतला, शिस्तीत, दोनदा.

"आलं जास्त झालंय."

"अण्णांनी घातलं."

"मला का नाही सांगितलं?"

 त्यानं पेटी उघडली, चोच काढली आणि तिच्यापुढं धरली. ती चोच घेऊन आत गेली. मसाल्याचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

"वाजवायचं असलं की मागून घ्यायची," आतून आवाज आला. "कुठं, कशाला, कुणाबरोबर, सगळं सांगून."

"निदान डबा बदल. जीभ पोळते माझी."

"पोळू द्या."

जमिनीवर ताट होतं, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. रोहिदासनं फेटा काढून बाजूला ठेवला, हात धुतले आणि झाकण उचललं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. भाजी अजून कोमट होती.

झाकणाचा आवाज ऐकून गल्लीतली कुत्री दारात येऊन बसली. मागच्या वर्षात ती पुन्हा सडपातळ झाली होती, पण आशा तिनं सोडली नव्हती. रोहिदासनं शेवटचा घास बोटांनी पुसून खाल्ला, ताटावर पाणी फिरवलं, तरी ती बसूनच होती. मग जयमाला बाहेर आली आणि तिनं भाकरीची एक कड तिच्यापुढं टाकली.